मेळघाटात काय दिसत नाही

परतवाड्याचे लाकूड डेपो मागे पडले की रस्ता गाविलगडच्या डोंगरात शिरतो. घटांगनंतर वळणं वाढतात आणि सेमाडोहपर्यंत दोन्ही बाजूंना सागच साग. गाडीतले लोक काचा खाली करून, मोबाइल हातात धरून बसलेले असतात. सेमाडोहला चहाच्या टपरीवर उतरले की एकमेकांना तोच प्रश्न विचारतात, "काही दिसलं का?" दिसलेलं असतं ते वानरांचं टोळकं, फार तर रस्ता ओलांडणारा मोर. ताडोब्याला जाऊन आलेल्या माणसाला तर हा प्रवास फसवणुकीसारखा वाटतो. तिथे वाघ जिप्सीच्या पुढून चालतो, त्याला नाव असतं, त्याच्या आईचंही नाव लोकांना ठाऊक असतं. इथे वाघ आहे हे फलकावर वाचायचं आणि पुढे धारणीची वाट धरायची.

मेळघाट हा महाराष्ट्रातला पहिला व्याघ्रप्रकल्प. 1973मध्ये देशात व्याघ्रप्रकल्पाची योजना सुरू झाली तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांपैकी हे एक. गुगामळ राष्ट्रीय उद्यानच 361 चौरस किलोमीटरचं आहे आणि त्याभोवती त्याहून कितीतरी मोठं जंगल पसरलेलं आहे. खापरा, सिपना, गडगा, डोलार, खंडू या नद्या इथूनच निघून तापीला मिळतात. सगळा मुलूख चढउतारांचा. सपाट कुरणं कमी, म्हणून चितळांचे मोठे कळप कमी. सावज विखुरलेलं, म्हणून वाघही विखुरलेला आणि त्याचा इलाखा लांबरुंद. तेव्हा इथे जनावर दिसत नाही याला नशीब जबाबदार नाही, भूगोल जबाबदार आहे. ज्यांना या जंगलात किती जनावरं आहेत हे शोधायचं असतं त्यांची खरी परीक्षा इथेच लागते. तीच बघायला मी एप्रिलमध्ये वन्यजीव अभ्यासकांच्या एका छोट्या तुकडीबरोबर गेलो होतो. तुकडी म्हणजे एक संशोधक ताई, तिचा विद्यार्थी, बीटचा वनरक्षक आणि एक कोरकू काका. काकांना सगळे काकाच म्हणत, त्यांच्याहून मोठा असलेला स्वयंपाकीसुद्धा.

सकाळी उजाडताच 'लाइन' चालायची असते. जंगलात आधीच आखून ठेवलेली सुमारे दोन किलोमीटरची ही सरळ रेषा. रस्त्याला, ओढ्याला, टेकडीला न जुमानता ती सरळच जाते, कारण पायवाटेने गेलं तर पायवाटेवरचीच जनावरं मोजली जातात. रेषेवरून चालताना तृणभक्षी प्राणी दिसला की चार गोष्टी टिपायच्या: जात, कळपातली संख्या, रेंजफाइंडरने अंतर आणि होकायंत्राने कोन. अंतर आणि कोन यांवरून प्राणी रेषेपासून आडवा किती लांब होता ते निघतं. अशा नोंदी पुरेशा जमल्या की त्यांतून एक आलेख तयार होतो. रेषेच्या अगदी जवळची जनावरं बहुतेक सगळी दिसतात, वीस मीटरवरची काही सुटतात, साठ मीटरवरची बरीच सुटतात. ही घट कशी होते ते कळलं की न दिसलेल्यांचा हिशेब मांडता येतो. मला या पद्धतीतली ही गोष्ट फार आवडली. आपल्याला सगळं दिसत नाही हे तिने सुरुवातीलाच गृहीत धरलेलं आहे.

कागदावर हे सोपं वाटतं. एप्रिलमधल्या सागाच्या जंगलात पहिलं पाऊल टाकलं की अडचण कळते. झाडं निष्पर्ण झालेली, त्यामुळे नजर लांब जाते. पण सगळी पानं खाली पडलेली. सागाचं वाळलेलं पान पापडासारखं वाजतं आणि प्रत्येक पावलाखाली अशी चार-पाच पानं. पावसाळ्यानंतर पाय वाजत नाहीत, पण मग पाना-गवतामुळे दहा मीटरपलीकडचं दिसत नाही. दोन्ही सोयी एका वेळी देणारा ऋतू या जंगलात नाही. काका टाच न टेकता, पाऊल बाहेरच्या कडेने ठेवत चालत होते. त्यांचाही आवाज होत होता, पण तो अधूनमधून, एखादं जनावर चरत चाललं आहे असा. आमचा आवाज मात्र लयीत, दोन पायांचा. जनावराला त्यातला फरक कळतो.

पद्धतीची एक मोठी अट आहे. प्राणी बिचकून हलण्याआधी जिथे होता तिथलं अंतर घ्यायचं. तो आपल्याला बघून पळाला आणि मग आपण त्याला पाहिलं, तर मोजलेलं अंतर वाढतं आणि हिशेब खाली घसरतो. म्हणजे नुसतं दिसून भागत नाही, त्याने आपल्याला पाहायच्या आत आपण त्याला पाहायला हवं. आणि वाऱ्याने आपली बातमी आधीच पोचवलेली नसावी.

साधारण निम्मी लाइन झाली असेल. काका थांबले. "थांबा जी," एवढंच म्हणाले, तेही ओठांनी. मी त्यांच्या नजरेच्या रेषेत पाहिलं. साग, साग, एक धावडा, पुन्हा साग. विद्यार्थ्याने रेंजफाइंडर लावला, आकडा पुटपुटला, ताईने कोन घेतला, नोंद झाली, आणि तरीही मला काही दिसेना. मग एक कान हलला आणि त्या कानाभोवती हळूहळू रानगवा तयार होत गेला. पाठीचा काळा बाक, पांढरे मोजे घातल्यासारखे पाय. एवढं मोठं जनावर, हजार किलोच्या आसपास वजनाचं, पन्नास मीटरवर उभं. त्याच्या बाजूला आणखी तीन होते.

परतताना ताईने त्यातली मेख सांगितली. नवशिका माणूस अख्खं जनावर शोधतो, चित्रातल्यासारखं. जंगलात अख्खं जनावर क्वचितच असतं. उभ्या बुंध्यांच्या गर्दीत एखादी आडवी रेघ शोधायची, ती पाठ असते. वारा नसताना हललेलं एकच पान शोधायचं. बुंध्याच्या सावलीहून किंचित जास्त काळी सावली शोधायची. हे ऐकून लगेच जमत नाही, त्याला वर्षं लागतात. आणि इथेच संशोधनाला एक अडचण येते: दोन निरीक्षकांची नजर सारखी नसते. काकांबरोबर चाललेली लाइन आणि माझ्यासारख्याबरोबर चाललेली लाइन यांतून वेगवेगळे आकडे निघतील, जनावरं तेवढीच असूनही. म्हणून कोण चाललं याचीही नोंद ठेवतात.

आलेख भरवशाचा यायचा तर एका जातीच्या निदान साठेक नोंदी लागतात. चितळांनी भरलेल्या जंगलात त्या पटकन जमतात. मेळघाटात सांबराच्या तेवढ्या नोंदी जमवायला किती चालावं लागेल याचा अंदाज त्या सकाळी आला, कारण गव्यांनंतर आम्हाला एक रानकोंबडा दिसला आणि बाकी काहीच नाही. पुढे एकदा भेकर भुंकलं. मी आशेने ताईकडे पाहिलं. वाघ-बिबट्या दिसला की भेकर भुंकतं, हे पुस्तकांतून वाचलेलं होतं. ताई म्हणाली, "आपल्यालाच भुंकतंय ते."

चौसिंगा लाइनच्या अटींना सगळ्यांत जास्त छळतो. भारत आणि नेपाळ सोडून जगात तो कुठे नाही. नराला चार शिंगं, वजन वीस किलोच्या आसपास. कळप करत नाही, एकटा नाहीतर जोडीने राहतो. माणसाची चाहूल लागली की तो पळत नाही, गवतात दबून बसतो आणि आपण अगदी जवळ गेलो की उसळी मारून नाहीसा होतो. रेषेवरचं प्रत्येक जनावर दिसतं या गृहीतकाला तो तिथेच भोक पाडतो. पण त्याची एक सवय अभ्यासकांच्या कामी येते. तो लेंड्या टाकायला पुन्हा पुन्हा त्याच जागी येतो. काकांनी तिवसाच्या झाडाखाली अशी एक जागा दाखवली. वरच्या लेंड्या काळ्या, ओलसर, त्याखालच्या तपकिरी, तळाच्या पांढरट पडून भुगा झालेल्या. चौसिंग्याचं शेपूटही न बघता ताईने दहा मिनिटं तिथे काढली आणि समाधानाने उठली.

खरं तर क्षेत्रीय संशोधनाचा मोठा भाग हा असाच, जनावर निघून गेल्यानंतरचा. मांसभक्षींसाठी वनरक्षक आपल्या बीटमध्ये पाच-पाच किलोमीटरच्या वाटा चालतात आणि ठसे, विष्ठा, झाडावरचे ओरखडे, जमीन उकरल्याच्या खुणा नोंदवतात. वाघ आणि बिबट्या दोघेही वाटेच्या मधोमध विष्ठा टाकतात, कारण ती त्यांची पाटी असते. नुसत्या आकारावरून ती कोणाची हे ठामपणे सांगणं धोक्याचं. लहान वाघिणीची आणि मोठ्या बिबट्याची सहज एकसारखी दिसते. शंका असेल तर नमुना डीएनए तपासायला प्रयोगशाळेत जातो. जनावराने काय खाल्लं ते मात्र तिथेच, साध्या कामातून कळतं. विष्ठा चाळणीत धुवायची, न पचलेले केस वेगळे काढायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची नक्षी जुळवायची. सांबराचा केस आणि रानडुकराचा केस वेगळा ओळखू येतो. शहरात बसून वन्यजीव संशोधनाची स्वप्नं बघणाऱ्या मुलांना कोणीतरी हे चाळणीचं काम आधी दाखवायला हवं.

मोहाच्या झाडांखाली मात्र काका पुढे होऊ देत नसत. मोह गळण्याच्या दिवसांत अस्वलं आणि बायाबापड्या एकाच झाडाखाली, एकाच वेळी, पहाटे येतात. अस्वलाची नजर अधू, फुलं खाताना डोकं खाली, आणि दचकलं तर थेट अंगावर येतं. अभ्यासकाने शांतपणे चालावं हा नियम इथे उलटतो. काका मोहाजवळ आले की मुद्दाम खोकत, काठी आपटत. त्या टापूतल्या लाइनवर अस्वलांच्या नोंदी कमी का, याचं हेही एक कारण असू शकतं, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

ठशांवर एकेकाळी नुसत्या नोंदीहून फार मोठा भार टाकला होता. वाघाच्या पंजाचा ठसा काचेवरून उतरवून घ्यायचा, आकार-कोन मोजायचे आणि त्यावरून वाघ वेगळा ओळखायचा, ही पद्धत देशभर अनेक वर्षं चालली. 1972च्या गणनेत 1,827 वाघ निघाले, 2001-02मध्ये 3,642. वनरक्षकांची मेहनत खोटी नव्हती, पण तोच वाघ चिखलात एक ठसा उमटवतो, धुळीत दुसरा, पळताना तिसरा. सारिस्काने त्या पद्धतीला उघडं पाडलं. कागदावर डझनाहून जास्त वाघ असलेल्या या राजस्थानातल्या प्रकल्पात 2005मध्ये शोधाशोध केली तेव्हा एकही वाघ उरलेला नव्हता. शिकाऱ्यांनी ते संपवले होते आणि मोजणीला पत्ता नव्हता. त्यानंतर नव्या पद्धतीने झालेल्या गणनेचा आकडा 2008मध्ये जाहीर झाला: 1,411. वाघ निम्म्याहून कमी झाले, असा त्याचा अर्थ तेव्हा वर्तमानपत्रांनी काढला. तो सरळसोट निघत नाही, कारण दोन आकडे दोन वेगळ्या मापांनी मोजलेले होते. पहिल्या आकड्यात किती हवा होती ते कोणालाच सांगता येणार नाही.

आता भिस्त कॅमेरा ट्रॅपवर आहे. कल्पना जुनी आहे. एफ. डब्ल्यू. चँपियन या वनाधिकाऱ्याने 1920च्या दशकात उत्तरेकडच्या जंगलांत वाटेवर तार बांधून वाघांकडूनच त्यांचे फोटो काढवून घेतले होते. नव्वदच्या दशकात वन्यजीवशास्त्रज्ञ उल्हास कारंथ यांनी कर्नाटकातल्या नागरहोळेत या फोटोंना संख्याशास्त्राची जोड दिली. वाघाचे पट्टे प्रत्येकाचे वेगळे, आणि एकाच वाघाच्या डाव्या-उजव्या कुशीचेही वेगळे, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लागतात. समजा पहिल्या फेरीत वीस वेगळे वाघ टिपले, दुसऱ्या फेरीत पंधरा, आणि त्या पंधरांतले दहा आधीचेच निघाले. म्हणजे दुसऱ्या वेळच्या दोन-तृतीयांश वाघांची ओळख आधीच झाली होती. मग पहिले वीस हे एकूण संख्येच्या दोन-तृतीयांश असावेत. एकूण वाघ तीसच्या आसपास. प्रत्यक्षातली गणितं याहून खूप किचकट असतात, पण गाभा हाच.

2018च्या देशव्यापी गणनेत 26,838 ठिकाणी कॅमेरे लावले गेले आणि 3,48,58,623 फोटो निघाले. त्यांत वाघाचे 76,651. म्हणजे साडेचारशेहून अधिक फोटोंमागे वाघाचा एक. थकणारा, झोपणारा, खोकणारा माणूस वगळून, यंत्राच्या डोळ्याने रात्रंदिवस पाहिलं तरी हे प्रमाण!

आणि यंत्राचा डोळाही विदर्भाच्या उन्हात गोंधळतो. हे कॅमेरे उष्णतेतला फरक ओळखतात: भोवतालच्या हवेहून गरम असलेलं शरीर समोरून सरकलं की फोटो. हिवाळ्यातल्या पहाटे हे उत्तम चालतं. मे महिन्यात दुपारी हवेचा पारा चाळिशीपार गेला की जनावराचं शरीर आणि हवा यांत फरकच उरत नाही. अस्वल समोरून गेलं तरी कॅमेरा गप्प राहू शकतो. उलट तापलेल्या खडकापुढे वाळलं गवत डोललं की तो फोटोंमागून फोटो काढत सुटतो. विद्यार्थ्याने त्या दुपारी एक कार्ड लॅपटॉपला लावलं. गवत, गवत, गवत, वानराचं तोंड अगदी भिंगाजवळ, गवत. शेजारच्या दुसऱ्या कॅमेऱ्याचं कवच अस्वलाने चावून ठेवलं होतं. कार्ड वाचलं होतं आणि त्यात चावणाऱ्याचा जबडा फार स्वच्छ आला होता.

बुद्धपौर्णिमेच्या पाणवठ्यावरच्या मोजणीबद्दल इथे दोन शब्द, कारण मेळघाट म्हटलं की पुष्कळांना तीच आठवते. वैशाखातली पौर्णिमा, मचाण, रात्रभर जागून पाण्यावर येणारं जनावर टिपायचं. हौशी निसर्गप्रेमींना जंगलाची गोडी लावण्यात या रात्रीचा वाटा मोठा आहे आणि ती चालू राहावी असंच मला वाटतं. पण गणना म्हणून तिच्यावर विसंबता येत नाही. तेच सांबर दोन पाणवठ्यांवर जाऊ शकतं, ढग आले की ओळख पटत नाही, आणि आदल्या दिवशी वळवाचा पाऊस झाला की डबकी भरतात आणि पाणवठ्याकडे कोणी फिरकत नाही. त्या वर्षी जंगलातली जनावरं घटली असं म्हणायचं का?

मेळघाटात मला ज्याच्यासाठी मुद्दाम थांबायचं होतं तो मात्र ना वाघ, ना गवा. तो वीतभर उंचीचा पक्षी आहे: रानपिंगळा. पक्षिशास्त्रज्ञ ह्यूमने 1873मध्ये त्याचं वर्णन शास्त्रापुढे मांडलं. मध्य भारतातून त्याचे मोजकेच नमुने मिळाले, शेवटचा 1884मध्ये, आणि मग तो गडप झाला. पुढे 1914मध्ये गुजरातेतल्या मांडवीजवळ तो मिळाल्याची एक नोंद होती, रिचर्ड माइनर्त्झहागेन या बड्या पक्षिसंग्राहकाची. अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईने तपासला तेव्हा लबाडी बाहेर आली. संग्रहालयातून चोरलेला जुनाच नमुना त्याने नव्याने भरून, नवी चिठ्ठी लावून आपला म्हणून ठेवला होता. ती नोंद बाजूला ठेवून, फक्त जुन्या खऱ्या नमुन्यांच्या जागा धरून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अबट नोव्हेंबर 1997मध्ये शोधायला निघाले. तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, शहाद्याजवळच्या सातपुड्यात, भर सकाळी एका उघड्या झाडावर तो बसलेला सापडला. 113 वर्षांनी.

तो लपणारा पक्षी नाही, हे यातलं विशेष. घुबडाच्या जातीचा असून दिवसा वावरतो, निष्पर्ण सागाच्या शेंड्यावर ऊन खात बसतो. शोधणाऱ्यांच्या डोळ्यांत दोष नव्हता. कित्येकांना नकाशाच चुकीचा मिळाला होता. त्यानंतर मेळघाटात त्याची चांगली वस्ती असल्याचं कळलं आणि 2014मध्ये तर तो मुंबईच्या उंबरठ्यावर, तानसा अभयारण्यात मिळाला. तिथे तो एकाएकी आला असेल असं वाटत नाही. साधा पिंगळा समजून लोकांनी त्याच्यावरून नजर फिरवली असावी.

साध्या पिंगळ्याशी घोटाळा होणं अगदी सोपं आहे. पिंगळ्याच्या डोक्यावर आणि पाठीवर पांढरे ठिपके ठळक असतात. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ बिनठिपक्याचं, पंख-शेपटीवरचे पट्टे रुंद, पाय पिसांनी भरलेले आणि शरीराच्या मानाने दांडगे. पुस्तकात हे फरक शेजारीशेजारी छापलेले असतात. जंगलात पक्षी एकच असतो, उन्हाकडे पाठ करून बसलेला, आणि पाहणाऱ्याला तो रानपिंगळाच असावा अशी मनापासून इच्छा असते. ताईच्या मते क्षेत्रीय कामातला सगळ्यांत मोठा अडथळा हीच इच्छा आहे, पाचोळा आणि डोंगर त्यानंतर. न दिसलेलं जनावर नोंदीतून सुटलं तर पुन्हा पुन्हा त्याच जागी जाऊन ती उणीव भरून काढता येते, त्यासाठी गणित आहे. एका खेपेला दिसण्याची शक्यता तीस टक्के धरली, तर पाच खेपांत एकदाही न दिसण्याची शक्यता सतरा टक्क्यांवर येते. नसलेलं जनावर एकदा नोंदवलं गेलं की मात्र ते पुढच्या माणसाला चुकीच्या डोंगरावर घेऊन जातं.

त्या संध्याकाळी हरिसालच्या बाजूला, ओढ्याकाठच्या सागावर, एक पिंगळ्याएवढा पक्षी बसलेला आम्ही पाचही जणांनी पाहिला. उजेड मागून येत होता. विद्यार्थी म्हणाला, "डोकं साफ आहे मॅडम, ठिपके नाहीत." वनरक्षकाचंही तेच मत होतं. काकांनी इथे दोन्ही असतात एवढंच सांगितलं. ताई दुर्बीण लावून तो मान वळवण्याची वाट बघत राहिली. त्याने मान वळवली नाही, खाली झेप घेतली आणि ओढ्याच्या पलीकडे गेला. तिने तक्त्यात वेळ, जागा, झाड आणि उंची लिहिली आणि जातीच्या रकान्यात 'पिंगळा, जात अनिश्चित' असं भरलं. विद्यार्थी गाडीत बसेपर्यंत तिच्याशी वाद घालत होता.